मोठे टायर, डिझेल जीप आणि क्राउन-पिनियनचा हिशेब

टायर बदलले की पहिल्या दिवशी गाडी फार देखणी दिसते. सोसायटीचा वॉचमनसुद्धा वळून बघतो. दुसऱ्या दिवशी ताम्हिणी घाट येतो. एरवी तिसऱ्यावर आरामात चढणारी गाडी दुसरा मागते, वळणावर पहिला मागते, आणि वर पोचेपर्यंत आत क्लचचा जळका वास भरलेला असतो. माझ्या महिंद्रच्या जुन्या डिझेल थार सीआरडीईला मूळचे २३५/७० आर १६ काढून २६५/७५ आर १६ घातले तेव्हा नेमकं हेच झालं. इंजिन ठीक होतं, टर्बो ठीक होता, क्लच तर नवा होता. मीच नकळत गाडीचे सगळे गिअर एकाच फटक्यात नऊ टक्क्यांनी जड करून ठेवले होते.

मोठ्या टायरमुळे गेलेला दम परत मिळवायचा सरळ मार्ग म्हणजे एक्सलचा रेशो बदलणं. काम महाग आहे, एकदा केलं की सहसा परत कुणी करत नाही, त्यामुळे चुकलं तर चुकीसकट गाडी वापरावी लागते. खरं तर टायर ही या सगळ्यातली शेवटची खरेदी असायला हवी. आपण सगळेच ती पहिली करतो.

हा रेशो म्हणजे नक्की काय

मागच्या एक्सलच्या मधोमध जो फुगवटा दिसतो त्याच्या आत एक मोठं दातेरी चाक असतं, ते क्राउन. त्याला फिरवणारं छोटं दातेरी चाक म्हणजे पिनियन, ते प्रोपेलर शाफ्टच्या, म्हणजे गिअरबॉक्सकडून एक्सलकडे येणाऱ्या लांब दांड्याच्या, टोकाला जोडलेलं. क्राउनला ४३ दाते आणि पिनियनला १० दाते असतील तर ४३ भागिले १०, म्हणजे रेशो ४.३०. शाफ्ट ४.३ वेळा फिरला की चाक एकदा फिरतं.

आकडा मोठा तेवढी ओढ जास्त आणि वेग कमी. गिअरच्या सायकलवर चढ आला की आपण मागची मोठी चकती निवडतो, पाय जास्त फिरवावे लागतात पण चढ जमतो. तसंच हे. गॅरेजात काही जण ‘लो रेशो’ म्हणतात तेव्हा त्यांना मोठा आकडा अभिप्रेत असतो, काहींना छोटा. वाद घालू नका, थेट दाते विचारा. ‘३९-८’ म्हटलं की गोंधळाला जागाच उरत नाही.

टायर मोठा झाला की चाकाच्या एका फेरीत गाडी जास्त अंतर कापते. इंजिनाच्या दृष्टीने हे आकडा कमी केल्यासारखंच आहे. म्हणून टायरचा व्यास जितक्या पटीने वाढला तितक्याच पटीने रेशोचा आकडा वाढवला की गाडी मूळ वागणुकीवर येते.

टायर खरा किती मोठा आहे ते मोजा

टायरच्या बाजूवरचा आकडा वाचायला सोपा आहे. २३५/७० आर १६ मध्ये २३५ ही मिलिमीटरमधली रुंदी, ७० म्हणजे बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या ७० टक्के, आणि १६ हा रिमचा व्यास इंचात. भिंत दोनदा धरायची, वर आणि खाली. २३५ गुणिले ०.७० म्हणजे १६४.५, त्याच्या दुप्पट ३२९, अधिक १६ इंचांचे ४०६.४ मिलिमीटर. एकूण ७३५ मिलिमीटर, जवळपास २९ इंच. याच पद्धतीने २६५/७५ आर १६ चा व्यास ८०४ मिलिमीटर येतो. ८०४ भागिले ७३५ केलं की १.०९३. माझे नऊ टक्के इथून आले.

कागदावरचा व्यास आणि रस्त्यावरचा व्यास यात मात्र फरक असतो. गाडीच्या वजनाने टायर खाली दबतो, शिवाय एकाच साइजचे दोन कंपन्यांचे टायर अगदी सारखे नसतात. नवा मड टायर आणि झिजलेला मूळ टायर यांची तुलना केलीत तर हिशेब आणखी फसतो. म्हणून घरच्या घरी करायचा उपाय: सपाट जमिनीवर टायरच्या तळाशी, टायरवर आणि जमिनीवर, खडूने खूण करा. गाडी सरळ ढकलत न्या, टायरवरची खूण पूर्ण फेरी मारून पुन्हा जमिनीला टेकली की थांबा आणि टेपने अंतर मोजा. हवा नेहमीच्या दाबावर ठेवा. नवे टायर अजून घेतले नसतील तर तेच टायर असलेल्या एखाद्या मित्राची गाडी ढकला, चहाच्या बदल्यात कुणीही तयार होतो. दोन अंतरांचा भागाकार हा तुमचा खरा आकडा.

आत्ताचा रेशो शोधा

कधी एक्सलवर पत्र्याची छोटी पट्टी असते, कधी आकडा माहितीपुस्तकात असतो. पण जुन्या गाडीचा एक्सल आधीच्या मालकाने बदललेला असू शकतो आणि ते त्याने तुम्हाला सांगितलेलं असेलच असं नाही. मी तर सरळ मोजतो.

पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावा. गाडी टू-व्हील ड्राइव्हमध्ये आणि न्यूट्रलला ठेवा. मागचं एकच चाक जॅकने उचला आणि एक्सलखाली स्टँड द्या. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली जाऊ नका. आता हँडब्रेक सोडा. जुन्या जीपमध्ये हँडब्रेकचा ड्रम ट्रान्सफर केसच्या (इंजिनाची ताकद पुढच्या-मागच्या एक्सलला वाटणाऱ्या पेटीच्या) मागे, शाफ्टवरच असतो, तो ओढलेला राहिला तर शाफ्ट हलणारच नाही. शाफ्टवर खडूची रेघ ओढा. उचललेलं चाक बरोबर दोन फेऱ्या फिरवा आणि शाफ्ट किती फिरला ते मोजा. एकच चाक फिरतंय आणि दुसरं जमिनीवर आहे, म्हणून डिफरन्शियलमुळे, म्हणजे दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या रचनेमुळे, चाकाच्या दोन फेऱ्यांत क्राउन एकदाच फिरतं. शाफ्ट चार आणि एक तृतीयांशाच्या जरा अलीकडे थांबला तर ४.३०. अंदाज पक्का हवा असेल तर चाक वीस फेऱ्या फिरवा आणि शाफ्टच्या फेऱ्यांना दहाने भागा.

डिफरन्शियलमध्ये दोन्ही चाकं एकत्र बांधणारा लॉकर बसवलेला असेल तर ही युक्ती चालत नाही. तेव्हा दोन्ही चाकं उचला आणि एकच फेरी धरा.

आता गुणाकार

जुना रेशो गुणिले टायरच्या वाढीची पट. इथून पुढे हिशेबासाठी एक गाडी धरू: टायर माझ्यासारखेच २९ इंचांवरून पावणेबत्तीस, रेशो ४.३०, टॉप गिअर ०.८०. ४.३० गुणिले १.०९३ म्हणजे ४.७०.

थांबा, लगेच गॅरेजला फोन करू नका. वाढ पाच टक्क्यांच्या आत असेल तर रेशोला हात लावायची गरज सहसा नसते. २०२० नंतरच्या थारचंच घ्या. एका व्हेरिएंटला २४५/७५ आर १६ येतात, दुसऱ्याला २५५/६५ आर १८. व्यास ७७४ आणि ७८९ मिलिमीटर, फरक दोन टक्क्यांचा. अठरा इंचीवाल्याने २६५/७० आर १७ घातले तर व्यास ८०३, पुन्हा दोनच टक्के. अगदी २८५/७० आर १७ पर्यंत गेला तरी वाढ सव्वापाच टक्के, आणि त्या डिझेल इंजिनाकडे ३०० न्यूटन-मीटर टॉर्क आहे. अशा गाडीचे दोन्ही एक्सल खोलायचा सल्ला मी देणार नाही. ते पैसे चांगल्या टायरवर आणि सस्पेन्शनवर घाला.

सात-आठ टक्क्यांच्या पुढे गेलात की चित्र बदलतं. दहाच्या पुढे गेलात आणि गाडी डोंगरात चालवणार असाल, तर रेशो न बदलणं म्हणजे क्लच प्लेटवाल्याला दरवर्षी ठरावीक रक्कम देणं.

डिझेलला काय हवं असतं

रेशोबद्दलचे बरेच सल्ले पेट्रोल इंजिनांच्या अनुभवावर उभे असतात. पेट्रोल इंजिन सहा हजारांपर्यंत फिरतं, त्याला दम वरच्या आरपीएमवर असतो, त्यामुळे ‘जितका मोठा आकडा तितकं बरं’ हे तिथे बऱ्यापैकी खपून जातं. डिझेलचा खेळ वेगळा. आमच्या जुन्या सीआरडीईचा टॉर्क २४७ न्यूटन-मीटर, तोही १,८०० ते २,००० आरपीएमच्या चिंचोळ्या पट्ट्यात. पंधराशेच्या खाली टर्बो पुरता जागा झालेला नसतो, आणि साडेतीन हजारांच्या वर नुसता आवाज. कामाचा सगळा पट्टा दोन हजार आरपीएमचा. त्याच्या दोन्ही टोकांना खड्डे आहेत आणि चुकीचा रेशो तुम्हाला कुठल्या तरी एका खड्ड्यात टाकतो.

खालचा खड्डा म्हणजे माझा ताम्हिणी. चढावर आरपीएम चौदाशेवर पडतो, टर्बो झोपतो, तुम्ही क्लच अर्धा दाबून गाडी ओढता. बीएस-सहाच्या डिझेलला हे आणखी महागात पडतं. कमी आरपीएमवर जास्त भार म्हणजे जास्त काजळी, आणि ती सगळी एक्झॉस्टमधल्या फिल्टरमध्ये जाऊन बसते. लडाखला जाणाऱ्यांनी तर हे नीट लक्षात ठेवावं. तिथल्या उंच खिंडींत, साडेपाच हजार मीटरच्या आसपास, हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्म्यावर येतो. पुण्यात बाराशे आरपीएमवर कशीबशी उठणारी गाडी तिथल्या चढाच्या वळणावर उठतच नाही.

वरच्या खड्ड्याचं सगळ्यात ठळक उदाहरण आपल्याच जुन्या जीपमध्ये आहे. दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज एमबीचा रेशो ४.८८ होता, दाते ३९-८. नंतरच्या सीजे-३बी पर्यंत तो ५.३८ झाला, ४३-८. महिंद्रने या विलीज जीप १९४० च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत जोडायला सुरुवात केली, त्यामुळे हे दाते आपल्याकडच्या जुन्या मिस्त्रींच्या तोंडात आजही असतात. छोटं पेट्रोल इंजिन, तीनच गिअर आणि टॉप गिअर एकास एक, अशा गाडीला ५.३८ शोभत होता. पुढे लोकांनी त्याच एक्सलवर डिझेल इंजिनं बसवली. २९ इंची टायर आणि एकास एक टॉप गिअर धरून हिशेब करा: ताशी ८० ला ३,१०० आरपीएम. संथ फिरणाऱ्या डिझेलसाठी ही जवळपास हद्दच. त्या जीपमध्ये बसून कधी हायवेने गेला असाल तर कानांना आठवण असेल.

आपला हिशेबही असाच करता येतो. वेग ताशी किलोमीटरमध्ये घ्या, १६.६७ ने गुणा, टायरच्या एका फेरीच्या अंतराने (मीटरमध्ये) भागा, मग रेशोने आणि टॉप गिअरच्या आकड्याने गुणा. धरलेल्या गाडीचं चित्र असं दिसतं: मूळ टायरवर ८० ला १,९८५ आणि १०० ला २,४८० आरपीएम. मोठे टायर, रेशो तोच ठेवला, तर १,८१५ आणि २,२७०. हायवेवर हे छान वाटतं, इंजिन शांत, आणि इथेच माणूस फसतो. त्याला वाटतं, मायलेज वाढेल. पण मोठा टायर जडही असतो आणि गाडी उंच झाल्याने वारा जास्त लागतो. तेवढ्या आरपीएमवर टॉप गिअर ओढवत नाही, जरा चढ आला की खालचा गिअर टाकावा लागतो, आणि वाचलेलं डिझेल तिथे जातं.

हवा आहे ४.७०. बाजारात बरोबर त्या आकड्याचा सेट मिळत नाही. जवळचे दोन म्हणजे ४१-९, म्हणजे ४.५६, आणि ३९-८, म्हणजे ४.८८. ४.५६ ने ८० ला १,९२५ आणि १०० ला २,४०५ आरपीएम मिळतात. ४.८८ ने २,०६० आणि २,५७५.

मी ४.८८ घेतला. ४.५६ घेऊनही गाडी मूळपेक्षा तीन टक्के जडच राहिली असती. दोन एक्सल उघडायचे, मजुरी द्यायची, सेट आणायचे आणि हरवलेल्यातलं दोन तृतीयांशच परत मिळवायचं, हे मला पटेना. ४.८८ मुळे मूळपेक्षा पावणेचार टक्के जास्त ओढ मिळते, आणि ती टायरच्या जादा वजनात जवळपास जिरते. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावरच्या १०० च्या मर्यादेत इंजिन अजून पट्ट्याच्या आत असतं. याच्या पुढचा ५.३८ घेतला असता तर १०० ला २,८४० आले असते. पेट्रोलवाल्या मित्रांनी मला तोच घ्यायला सांगितलं होतं.

म्हणजे माझा ठोकताळा असा: हिशेबाने आलेल्या आकड्याच्या लगेच वरचा जो सेट मिळेल तो. डिझेलला त्याच्याही पुढे जाऊ नका. अपवाद एकच. गाडी रोज लांब पल्ल्याला धावते आणि महिन्यातून एकदाच मातीत उतरते, तर खालचा घ्या किंवा काहीच करू नका.

ऑटोमॅटिक गाडीत टॉर्क कन्व्हर्टर बरंच सांभाळून घेतो, त्यामुळे फरक कमी जाणवतो. पण गिअरबॉक्स चढावर सारखा वर-खाली करत राहतो आणि तापतो. तिथे जाणवण्यावर विसंबू नका, हिशेबावर विसंबा.

लो रेंजमध्ये काय होतं

पावसाळ्यात कोकणच्या जांभ्या दगडाच्या उतारावर किंवा मराठवाड्याच्या काळ्या चिकण मातीत गाडी किती हळू चालते, याला हायवेच्या आरपीएमपेक्षा जास्त किंमत असते. पहिला गिअर गुणिले ट्रान्सफर केसचा लो (अवघड जागी गाडी आणखी हळू चालवणारा गिअर) गुणिले एक्सलचा रेशो, हा सरपटण्याचा आकडा. पहिला ३.८ आणि लो २.५ धरला तर ४.३० सोबत जवळपास ४१ येतो. इंजिन ८०० आरपीएमवर नुसतं सोडून दिलं तर मूळ टायरवर गाडी ताशी २.७ किलोमीटरने चालते. मोठ्या टायरवर तोच वेग ३ होतो. ४.८८ घातल्यावर २.६.

तीन आणि २.६ मध्ये असं काय मोठं, असं वाटेल. ओल्या उतारावर ब्रेकला पाय न लावता उतरून बघा म्हणजे कळेल. ब्रेक दाबला की चाक अडकतं आणि गाडी घसरते, म्हणून तिथे इंजिनानेच गाडी धरून ठेवायची असते. मोठ्या टायरने ही पकड सैल होते आणि वेग हळूहळू वाढत जातो. चढापेक्षा उतारावर रेशोची किंमत जास्त कळते, असं माझं मत आहे. घाटातल्या क्लचच्या वासाची चर्चा सगळे करतात, या उताराबद्दल फार कमी जण बोलतात.

सेट शोधताना

पार्ट-टाइम फोर-बाय-फोरमध्ये, म्हणजे गरजेपुरतीच चारही चाकं जोडणाऱ्या गाडीत, पुढचा आणि मागचा एक्सल ट्रान्सफर केसमध्ये घट्ट जोडले जातात, मध्ये डिफरन्शियल नसतो. म्हणून दोन्हीकडे रेशो एकच हवा. दुसऱ्या दशांशातला फरक चालून जातो, काही कंपन्या कारखान्यातूनच ३.५४ आणि ३.५५ अशा जोड्या देत आल्या आहेत. त्यापेक्षा जास्त नाही. आमच्या ग्रुपमधल्या एकाने पैसे वाचवायला फक्त मागचा बदलून घेतला. ‘पुढचा तुम्ही वापरता किती?’ असं त्याला गॅरेजवाल्याने सांगितलं होतं. चिखलात चालून गेलं, पण एका कोरड्या खडकाळ चढावर त्याने फोर-बाय-फोर टाकला आणि पुढच्या शाफ्टचा जॉइंट तुटला. खडकावर टायरला घसरायला वाव नसतो, दोन वेगळ्या वेगांची ओढाताण मग कुठेतरी निघणारच.

सेट कुठून आणायचा? आपल्याकडे बाहेरच्या कंपन्यांचे तयार सेट सगळ्या गाड्यांसाठी मिळत नाहीत. बहुतेक वेळा तोच एक्सल वापरणाऱ्या दुसऱ्या मॉडेलचा किंवा जुन्या जीपचा सेट शोधावा लागतो. पुण्यात नाना पेठ, मुंबईत कुर्ला इथे चपला झिजवायची तयारी ठेवा. पुढचं सस्पेन्शन स्वतंत्र असेल तर पुढचा डिफरन्शियल वेगळ्या मापाचा असतो आणि त्याचा सेट मागच्यापेक्षा दुर्मीळ. म्हणून नेहमी पुढचा आधी शोधा. मागचा मिळाला म्हणून पैसे देऊन मोकळे झालात आणि पुढचा कधीच मिळाला नाही, तर तो सेट कपाटात पडून राहील.

हातात आल्यावर तीन गोष्टी तपासा. क्राउन आणि पिनियनवर कोरलेला जोडीचा क्रमांक एकच हवा, कारण ते एकमेकांवर घासून तयार केलेले असतात. एका सेटचं क्राउन आणि दुसऱ्याचं पिनियन कधीही बसवू नका. दात्यांवर निळसर जळका रंग, टवके किंवा खड्डे असतील तर परत करा. आणि तुमच्या डिफरन्शियलच्या केसला हे क्राउन बसतं का ते विचारा. काही एक्सलमध्ये एका मर्यादेपुढे केसच बदलावी लागते. उदाहरणार्थ, डाना ४४ या एक्सलमध्ये ३.७३ पर्यंत एक केस आणि ३.९२ पासून पुढे दुसरी.

ताकदीचंही बघायला हवं. आकडा वाढतो तसं पिनियन बारीक होत जातं. वर मोठा टायर, खाली डिझेलचा टॉर्क आणि मध्ये बारीक पिनियन. अडकलेल्या चाकावर क्लच झटक्यात सोडायची सवय असेल तर आधी ती मोडा.

ज्यांच्याकडे लँड रोव्हरची जुनी डिस्कव्हरी आहे त्यांनी एक्सल न उघडता आधी ट्रान्सफर बॉक्सचा विचार करावा. एलटी-२३० बॉक्समध्ये हाय रेंजचा आकडा डिफेंडरला १.४१ आणि डिस्कव्हरीला १.२२ असा येत होता, एक्सल दोघांचा ३.५४. बॉक्स बदलला की दोन्ही एक्सलवर एकदम परिणाम, आणि पुढे-मागे जुळवायची कटकट नाही. सगळ्या गाड्यांना हे भाग्य नाही.

बसवून घेताना

हे काम कुणालाही देऊ नका. क्राउन-पिनियन बसवणं म्हणजे शिमच्या पातळ चकत्यांनी मिलिमीटरच्या शंभराव्या भागांचा खेळ आहे. मिस्त्रीकडे डायल गेज, म्हणजे इतका बारीक फरक मोजणारं साधन, आहे का, एवढा एकच प्रश्न विचारा. ‘हाताने अंदाज येतो’ असं उत्तर आलं तर नमस्कार करून निघा. दोन दात्यांमधली ढिलाई, म्हणजे बॅकलॅश, साधारण ०.१५ ते ०.२५ मिलिमीटरच्या आसपास असते, नेमका आकडा तुमच्या एक्सलच्या माहितीपुस्तकातून घ्या. दात्यांना रंग लावून फिरवल्यावर पडणारा ठसा दात्याच्या मधोमध हवा. तो मुळाशी पडला तर पिनियन फार आत गेलं आहे, टोकाला पडला तर बाहेर राहिलं आहे. हा ठसा मोबाइलवर फोटो काढून मागा. बेअरिंग, सील आणि पिनियनची चेपणारी बाही (क्रश स्लीव्ह) नवी घाला, जुनी बाही परत वापरू देऊ नका.

नंतर मीटर. वेगाचा सेन्सर ट्रान्सफर केसवर असेल तर टायर आणि रेशो दोन्हींचा परिणाम होतो. धरलेल्या गाडीत नुसते टायर बदलले तर मीटर ८० दाखवताना खरा वेग ८७ असतो, ४.८८ घातल्यावर तो ७७ होतो, म्हणजे चूक निदान सुरक्षित बाजूला जाते. एबीएसच्या सेन्सरवरून वेग घेणाऱ्या गाडीत रेशो बदलून मीटर सुधारत नाही, तिथे टायरचा आकडा संगणकात भरावा लागतो. फोनच्या जीपीएसशी एकदा ताडून बघा.

कायद्याचंही सांगून ठेवतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार उत्पादकाने मूळ दिलेल्या तपशिलात मनाने बदल करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हीच भूमिका घेतली. मोठा टायर बाहेरून दिसतो, अपघातानंतर विम्याचा माणूस तो आधी बघतो. कंपनीने त्याच मॉडेलच्या दुसऱ्या व्हेरिएंटला दिलेल्या मापात राहिलात तर निदान वाद कमी.

पहिले आठशे किलोमीटर

नव्या दात्यांना एकमेकांची ओळख व्हायला वेळ लागतो. पहिल्या दिवशी वीस-पंचवीस किलोमीटर हळू चालवा आणि गाडी अर्धा तास थंड होऊ द्या. असं तीनचार वेळा करा. क्राउन-पिनियनच्या अशा तिरक्या, हायपॉइड दात्यांना जीएल-५ दर्जाचंच ऑइल लागतं, ते गाडीच्या पुस्तकात दिलेल्या जाडीचं भरा. पहिले आठशे किलोमीटर कुणाला ओढायला जाऊ नका, सामान लादू नका, घाट शक्यतो टाळा. या काळात अॅक्सिलरेटर दिल्यावर किंवा सोडल्यावर मागून कोकलल्यासारखा एकसुरी आवाज यायला लागला तर ‘बसेल हळूहळू’ यावर विश्वास ठेवू नका. तो बसत नाही, वाढतो. गाडी परत न्या आणि ठसा पुन्हा बघायला लावा.

आठशे झाले की ऑइल काढून टाका. ड्रेन प्लगच्या चुंबकावर राखाडी मऊ लगदा असेल तर तो बोटाने पुसा आणि नवं ऑइल भरा, सुरुवातीला तेवढं घासलं जाणारच. बोटाला कण टोचला, चमकणारा तुकडा निघाला, तर ऑइल भरू नका. तो तुकडा कागदात गुंडाळून मिस्त्रीकडे न्या, आणि गाडी टो करून.